पेरिलें तेंच उगवतें काय?

एखाद्या बलाढ्य राष्ट्रावर घाला पडला म्हणजे लोकांच्या तोंडून दोन प्रकारचे उद्गार निघतात. कोणी म्हणतो, "त्यांनीं जें पेरिलें तेंच उगवलें, आतां रडून काय उपयोग?" दुसरा म्हणतो, "तीं माणसेंच मुळांत दुष्ट. द्वेष करावयास त्यांस कारण लागतच नाहीं." हे दोन्ही उद्गार आमच्या वाचकांनीं चावडीवर, बाजारांत किंवा आगगाडीच्या डब्यांत ऐकिले असतील, व कित्येकांनीं स्वतःहि काढिले असतील. सन २००१ च्या सप्टेंबर महिन्याच्या ११ तारखेस अमेरिकेंत उतारूंनीं भरलेलीं विमानें इमारतींवर आदळवून सुमारें तीन हजार माणसें मारण्यांत आलीं. तेव्हांपासून तर विद्वानांपासून सामान्य जनांपर्यंत सर्वत्र हा वाद चालला आहे कीं, बलाढ्य राष्ट्राचें परराष्ट्रधोरणच त्याचे शत्रु उत्पन्न करतें काय? हा प्रश्न दूरदेशच्या राजकारणाचा दिसतो खरा. तथापि त्याच्या मुळाशीं जो नीतीचा प्रश्न आहे, तो प्रत्येक माणसाच्या न्यायबुद्धीस लागू आहे. म्हणून त्याचा शांतपणें विचार करावा असें योजिलें आहे.

प्रथम म्हणीचाच विचार करूं. पेरावें तसें उगवतें हें खरें. परंतु शेतकऱ्यास आणखीहि एक गोष्ट ठाऊक असते, ती ही कीं, न पेरतांहि शेतांत पुष्कळ कांहीं उगवतें. हरळी कोणी पेरीत नाहीं, कुंदाहि कोणी पेरीत नाहीं. तसेंच पेरलेलें सर्व उगवतें असेंहि नाहीं. बीं, जमीन, पाऊस व राखण या चोहोंचा मेळ बसेल तेव्हां पीक हातीं येतें. म्हणून "तुझ्या शेतांत तण आहे, तेव्हां तूंच तें पेरिलें असशील" असें म्हणणें हा न्याय नव्हे. पण ज्यानें चार वर्षें खुरपणी केली नाहीं, त्यानें "तण आपोआप आलें, माझा काय संबंध?" असें विचारणें हाहि न्याय नव्हे. राष्ट्राराष्ट्रांतील वैराचा हिशेब कांहींसा असाच आहे. तो करावयाचा तर म्हणीवर न थांबतां प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टी पाहिल्या पाहिजेत.

या वादांत इराण देशाचें उदाहरण दोन्ही पक्ष पुढें करतात, म्हणून तेंच प्रथम घेऊं. सन १९७९ पासून इराणच्या रस्त्यांवर अमेरिकेच्या नाशाच्या आरोळ्या जगानें ऐकिल्या आहेत. त्यावरून कित्येकांस वाटतें कीं, त्या लोकांच्या स्वभावांत व धर्मांतच हा द्वेष भरलेला आहे. इतिहास मात्र तसें सांगत नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं इराणी लोकांस धास्ती होती ती रशिया व ब्रिटन या दोन साम्राज्यांची. सन १९०७ मध्यें त्या दोघांनीं इराणास न विचारतां त्या देशांत आपापल्या वर्चस्वाचीं क्षेत्रें वांटून घेतलीं होतीं. अमेरिकन मनुष्य त्या काळीं इराणांत शाळा काढणारा व दवाखाना चालविणारा म्हणून ओळखला जात असे.

त्याच १९०७ सालीं हॉवर्ड बास्करव्हिल नांवाचा एक अमेरिकन तरुण तब्रीझ शहरांतील प्रेस्बिटेरियन मिशनच्या शाळेंत शिक्षक म्हणून गेला. इराणी लोक तेव्हां आपल्या शहापाशीं राज्यघटना व लोकसभा मागत होते. शहाच्या सैन्यानें तब्रीझला वेढा घातला व शहरांत उपासमार सुरू झाली. अमेरिकेच्या वकिलानें मनाई केली असतांहि बास्करव्हिल आपल्या विद्यार्थ्यांच्या व त्या शहराच्या बाजूनें उभा राहिला, आणि १९०९ च्या एप्रिल महिन्यांत, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षीं, वेढा फोडण्याच्या प्रयत्नांत गोळी लागून मरण पावला. मिशनच्या शिक्षकानें हातीं बंदूक धरणें योग्य होतें कीं नाहीं, हा प्रश्न वेगळा. त्याविषयीं आमच्या वाचकांत मतभेद होतील. पण तब्रीझच्या लोकांनीं त्या परक्यास आपला मानलें, यांत संशय नाहीं. पुढें १९११ सालीं इराणी सरकारनें आपला खजिना सुधारण्यासाठीं मॉर्गन शुस्टर या अमेरिकन गृहस्थास बोलाविलें, व रशियाच्या धमकीमुळें त्यास जावें लागलें तेव्हां लोक हळहळले. तेहरानांत सॅम्युएल जॉर्डन या मिशनरी गृहस्थानें सुमारें चाळीस वर्षें शाळा चालविली. त्याच्या नांवानें तेथें एक रस्ता होता; क्रांतीनंतर सरकारनें त्याचें नांव बदललें, तरी लोकांच्या तोंडीं जॉर्डन हेंच नांव राहिलें.

लोक तेच, देश तोच, धर्महि तोच. मग ही ममता आटली कशी? इराणांत सन १९०८ मध्यें खनिज तेल सांपडलें होतें. तें काढण्याचा मक्ता एका ब्रिटिश कंपनीकडे होता, व १९१४ पासून त्या कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग खुद्द ब्रिटिश सरकारच्या मालकीचे होते. तेल इराणच्या भूमींतलें, पण नफ्याचा मोठा वांटा बाहेर जाई. सन १९५१ मध्यें तेथील लोकसभेनें तेलाचा धंदा राष्ट्राच्या मालकीचा केला, आणि डॉक्टर महंमद मोसद्देक हे मुख्य प्रधान झाले. ब्रिटननें इराणी तेलाची विक्री बंद पाडली. त्याच वर्षीं मोसद्देक अमेरिकेस जाऊन अध्यक्ष ट्रूमन यांस भेटले. हें राष्ट्र मध्यें पडून आपल्यास न्याय मिळवून देईल अशी त्यांस आशा होती. ट्रूमन यांच्या सरकारनें तडजोडीचा यत्न केला, पण तो फळास आला नाहीं. १९५३ च्या जानेवारींत आयझेनहॉवर अध्यक्ष झाले. इराण रशियाच्या साम्यवादी गोटांत जाईल या भीतीनें त्यांच्या सरकारनें ब्रिटनशीं संगनमत केलें, आणि त्या वर्षाच्या आगस्ट महिन्यांत दोन्ही देशांच्या हेरखात्यांनीं पैसा व कारस्थान यांच्या जोरावर मोसद्देक यांस पदच्युत करविलें. पहिला डाव फसला तेव्हां शहा देश सोडून पळाला होता. १९ तारखेस दुसरा डाव साधला व तो परत येऊन गादीवर बसला. मोसद्देक यांस तीन वर्षें कैद झाली, आणि पुढें १९६७ सालीं मरेपर्यंत त्यांस स्वतःच्या गांवीं नजरकैदेंत राहावें लागलें.

अमेरिकेची भीति अगदींच निराधार होती असें म्हणतां येणार नाहीं. कारण दुसऱ्या महायुद्धानंतर रशियाची फौज १९४६ पर्यंत उत्तर इराणांत ठाण मांडून होती, व साम्यवादी पक्षहि तेथें बळकट होता. परंतु भीति खरी असली म्हणून उपाय योग्य ठरत नाहीं. ज्यांनीं तो कट रचला त्यांच्याच मनास ही गोष्ट टोंचत असावी. कारण १९५४ सालीं लिहिलेला जो गुप्त वृत्तांत २००० सालीं वर्तमानपत्रानें उघडकीस आणिला, त्यांत अशा कामाचा उलट तडाखा आपल्याच देशास बसूं शकतो, हें हेरखात्याच्या अंमलदारांनीं सदैव ध्यानांत ठेवावें, अशी सूचना आहे.

तो तडाखा बसावयास सव्वीस वर्षें लागलीं. शहाच्या गुप्त पोलिसांनीं, ज्यांस सावाक म्हणत व ज्यांच्या उभारणींत अमेरिकेचा हात होता, लोकांवर जुलूम केला. १९६४ सालीं इराणांतील अमेरिकन लष्करी लोकांवर इराणी न्यायालयांत खटला चालवितां येणार नाहीं असा कायदा झाला. त्याविरुद्ध जळजळीत भाषण केल्यामुळें आयातुल्ला खोमेनी यांस हद्दपार करण्यांत आलें. आपल्या देशांत परक्यानें अपराध करावा व आपल्या न्यायाधीशानें मुकाट बसावें, याचा लोकांस केवढा अपमान वाटला असेल हें ब्रिटिश अमदानी पाहिलेल्या देशांतील माणसास समजावून सांगण्याची गरज नाहीं. १९७९ च्या आरंभीं क्रांति होऊन शहा पुन्हां पळाला, व आक्टोबर महिन्यांत दुखण्यावर उपचारासाठीं अमेरिकेनें त्यास आपल्या देशांत येऊं दिलें. तेहरानांतील तरुणांस वाटलें कीं, १९५३ चाच डाव पुन्हां मांडला जात आहे. ४ नोव्हेंबर रोजीं त्यांनीं अमेरिकन वकिलातींत घुसून तेथील लोकांस ओलीस धरिलें. त्यांपैकीं ५२ जणांस ४४४ दिवस अडकवून ठेवण्यांत आलें.

हा इतिहास ऐकून पहिल्या पक्षाचा मनुष्य म्हणेल, "पाहा, अमेरिकेनें स्वतःचा शत्रु स्वतःच घडविला." पण दुसऱ्या पक्षाचें म्हणणेंहि ऐकिलें पाहिजे, आणि त्यांत बरेंच तथ्य आहे. मोसद्देक यांस पाडण्यांत इराणचेच सेनापति सामील होते. आयातुल्ला काशानी यांसारखे मोठे धर्माधिकारी, जे पूर्वीं त्यांचे सोबती होते, तेहि अखेरीस त्यांच्या विरुद्ध गेले. म्हणजे १९७९ नंतर जे सत्तेवर आले ते कांहीं मोसद्देक यांचे वारस नव्हते. क्रांतीनंतर तेहरानच्या मुख्य रस्त्यास लोकांनीं मोसद्देक यांचें नांव दिलें होतें. नव्या राज्यकर्त्यांनीं तें लवकरच काढून दुसरें दिलें. अमेरिकेस दोष देण्यापुरती मोसद्देक यांची जखम त्यांस हवी होती, त्यांची लोकसत्ता नको होती.

दुसरें असें कीं, अन्यायानेंच शत्रु निपजत असते तर व्हिएटनामाएवढें वैर कोणीच धरिलें नसतें. तेथें अमेरिकन विमानांनीं वर्षानुवर्षें बाँब टाकले व १९७५ सालीं युद्ध संपेपर्यंत लाखो माणसें मेलीं. तरीसुद्धां १९९५ सालीं त्या दोन देशांत राजनैतिक संबंध जुळले, आणि २०२३ सालीं दोघांनीं निकट सहकार्याचा करार केला. एका देशावर मोठा आघात होऊनहि वैर विझलें. दुसऱ्यावर त्याहून लहान आघात झाला, तरी वैर धुमसत राहिलें. तेव्हां आघात व वैर यांच्या मध्यें आणखी कांहीं आहे, हें उघड होय. तें काय?

आमच्या मतें त्याचें उत्तर असें आहे. कोणतेंहि राष्ट्र म्हणजे एक माणूस नव्हे; तें एक मोठें खटलें आहे, आणि त्या घरांत नेहमीं वाद चाललेला असतो. कोणी म्हणतो, "हे परके आपलें ऐकतील, त्यांच्याशीं बोलूं." कोणी म्हणतो, "यांच्याशीं बोलणें म्हणजे नागास दूध पाजणें; यांस काठीच पाहिजे." बाहेरचा बलाढ्य मनुष्य या वादांतील पक्ष निर्माण करीत नाहीं, ते आधींपासूनच असतात. परंतु त्याच्या वागणुकीवरून कोणाचें म्हणणें खरें ठरलें याचा निकाल लागतो. १९०९ सालीं बास्करव्हिलनें विश्वास ठेवणाऱ्यांचें म्हणणें खरें केलें. १९५३ सालीं अमेरिकन सरकारनें तेंच खोटें पाडलें. नोव्हेंबर १९७९ मध्यें इराणचे मुख्य प्रधान मेहदी बाझरगान होते. ते सौम्य वृत्तीचे असून अमेरिकेशीं संबंध राखावे अशा मताचे होते. वकिलात घेतली गेल्यावर दोनच दिवसांत त्यांनीं राजीनामा दिला. घरांतील वादांत त्यांची बाजू हरली, व ती हरविणारा पुरावा विरोधकांच्या हातीं कोणी दिला हें आपण वर पाहिलेंच आहे.

हीच कसोटी दुसऱ्या ठिकाणीं लावून पाहूं. १९७९ च्या अखेरीस रशियन फौजा अफगाणिस्तानांत शिरल्या. त्यांच्याशीं लढणाऱ्या अफगाणांस अमेरिकेनें पाकिस्तानच्या हेरखात्यामार्फत पैसा व शस्त्रें पुरविलीं. ओसामा बिन लादेन यास अमेरिकेनेंच पोसलें असें पुष्कळदां सांगण्यांत येतें. पण त्यास प्रत्यक्ष पैसे दिल्याचा भरंवशाचा पुरावा नाहीं, आणि पुराव्यावांचून आरोप करणें हें आपल्या पक्षाच्या सोयीचें असलें तरी पापच होय. खरी गोष्ट याहून साधी आहे. शस्त्रें वांटण्याचें काम पाकिस्तानच्या हातीं सोंपविल्यामुळें सर्वांत मोठा वांटा गुलबुद्दीन हिकमतयार यांच्या अति कडव्या पक्षास मिळाला, व मध्यम मार्गाचे अफगाण मागें पडले. १९८९ च्या फेब्रुवारींत रशियन फौजा गेल्या आणि अमेरिकेचें लक्षहि उडालें. पुढें हिकमतयार यांनीं आपल्याच देशाच्या राजधानीवर, काबूलवर, तोफा डागल्या, आणि २००१ नंतर ते अमेरिकेशींहि लढले. शत्रूचा शत्रु तो आपला मित्र, असें समजून ज्यास बळ दिलें, त्यानें तें बळ कोणावर वापरावें हें देणाऱ्याच्या हातीं राहिलें नाहीं.

इराकची गोष्ट याहूनहि स्पष्ट आहे. २००३ च्या मार्च महिन्यांत अमेरिकेनें त्या देशावर स्वारी केली. तेथें भयंकर संहारक शस्त्रें दडविलीं आहेत हें कारण सांगण्यांत आलें होतें. तीं शस्त्रें सांपडलीं नाहींत. २३ मे रोजीं अमेरिकन कारभारी पॉल ब्रेमर यांनीं एका हुकुमानें इराकचें सर्व सैन्य बरखास्त केलें. लाखो माणसें एका दिवसांत बेकार झालीं. हातीं कसब लढाईचें, घरीं बायकापोरें उपाशी, आणि मनांत अपमान. नव्या राज्याशीं जुळवून घ्यावें असें ज्यांच्या मनांत होतें त्यांचें तोंड त्या हुकुमानें बंद केलें. दुसऱ्या वर्षीं अबू घ्राइबच्या तुरुंगांत कैद्यांची अमेरिकन शिपायांनीं केलेली विटंबना छायाचित्रांतून जगापुढें आली. २०१४ सालीं ज्या क्रूर टोळीनें मोसूल शहर घेतलें, तिच्यांत बरखास्त झालेल्या सैन्याचे कित्येक अधिकारी होते.

ही खोड एकट्या अमेरिकेची आहे असें मात्र कोणी समजूं नये. रशियानें १९५६ सालीं हंगेरींत व १९६८ सालीं चेकोस्लोव्हाकियांत रणगाडे घातले. त्या देशांस मोकळीक मिळतांच त्यांनीं काय केलें? १९९९ सालीं पोलंड, हंगेरी व चेक प्रजासत्ताक हे देश अमेरिकेच्या नेतृत्वाखालील नाटो या लष्करी संघांत सामील झाले. या संघाच्या वाढीनें रशियांतील कडव्या लोकांचें फावेल, असा इशारा जॉर्ज केनन या वृद्ध अमेरिकन मुत्सद्द्यानें १९९७ सालींच दिला होता. पुढें २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं रशियानें युक्रेनवर मोठी स्वारी केली, तेव्हां पुष्कळ जण म्हणाले, "नाटोनेंच हें ओढवून घेतलें." येथें आपल्या न्यायबुद्धीची परीक्षा आहे. केनन यांचा इशारा खरा असूं शकेल. तरी युक्रेनच्या गांवांवर बाँब टाकण्याचा हुकूम ज्यानें दिला, त्याचा हात कोणीं धरून हलविला नव्हता. शिवाय त्या स्वारीनें रशियाचें भय कमी झालें काय? फिनलंडच्या लोकांत नाटोंत जावें असें म्हणणारे तोपर्यंत थोडे होते. स्वारीनंतर कांहीं आठवड्यांत ते बहुसंख्य झाले. ४ एप्रिल २०२३ रोजीं फिनलंड व ७ मार्च २०२४ रोजीं स्वीडन त्या संघांत गेले. जो संघ वाढूं नये म्हणून युद्ध केलें असें सांगण्यांत आलें, तो त्याच युद्धानें वाढला.

उलट बाजूचें उदाहरणहि सांगितलें पाहिजे. १९१८ सालीं जर्मनीच्या वतीनें तहकुबीवर सही करणारे मत्तियास एर्त्सबर्गर यांस १९२१ सालीं त्यांच्याच देशांतील माथेफिरूंनीं ठार मारलें. जेत्यांनीं लादलेल्या कठोर तहामुळें समेट करणारा मनुष्य घरांत देशद्रोही ठरला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेनें निराळा मार्ग धरिला. १९४८ ते १९५२ या काळांत मार्शल योजनेनें पश्चिम युरोपास सुमारें १३०० कोटी डॉलर देण्यांत आले, व त्यांत कालचा शत्रु जो जर्मनी त्याचा पश्चिम भागहि होता. त्यामुळें समेट करणाऱ्यास आपल्या लोकांपुढें दाखवावयास भाकर मिळाली. यांत अमेरिकेचा स्वार्थ नव्हता असें नाहीं; रशियाचें भय होतेंच. तरी ज्या राष्ट्रानें इराणांत एका प्रकारें वागून वैर वाढविलें, त्याच राष्ट्रानें दुसरीकडे दुसऱ्या प्रकारें वागून मैत्री जोडिली, हें लक्षांत घेतलें म्हणजे धोरण हें केवळ नशीब नव्हे, ती निवड आहे, हें पटतें.

आतां मुख्य नीतिप्रश्नाकडे येऊं. बलाढ्याच्या चुका अशा रीतीनें मोजल्या, तर घातपात करणाऱ्याचा अपराध कमी होतो काय? मुळींच नाहीं. एखादा जमीनदार आपल्या गड्यास वर्षानुवर्षें नाडतो, चारचौघांत त्याची अब्रू घेतो. एके रात्रीं तो गडी जमीनदाराच्या गंजीस आग लावतो, व त्या आगींत जमीनदाराचें निजलेलें पोर जळून मरतें. न्यायाधीश गड्यास शिक्षा देतो तें योग्यच आहे. त्या पोरानें त्याचें काय केलें होतें? पण म्हणून जमीनदाराच्या वहींतील खोटे आंकडे खरे होत नाहींत. या दोन वह्या निरनिराळ्या आहेत. कारणांच्या वहींत दोघांचीं नांवें असूं शकतात; खुनाच्या वहींत ज्यानें काडी ओढिली त्याचेंच नांव राहतें. जगांतील बहुतेक वितंडवाद एका वहींतील रक्कम दुसरींत चढविल्यानें माजतो. अमेरिकेचा कैवारी म्हणतो, "मारेकरी दुष्ट आहे, म्हणून आमची वही तपासूं नका." तिचा वैरी म्हणतो, "तिची वही वाईट आहे, म्हणून मारेकऱ्यास दोष देऊं नका." दोघेहि हिशेब टाळतात.

यांत आणखी एक सूक्ष्म अन्याय आहे. "अमेरिकेच्या धोरणानेंच हे शत्रु निर्माण झाले" असें सरसकट म्हणणारा त्या शत्रूंस माणूस समजत नाहीं. त्यांस स्वतःची बुद्धि नाहीं, निवड नाहीं, कोणी कळ दाबली म्हणजे तीं यंत्रें चालूं लागतात, असा त्याचा अर्थ होतो. इराणांत अपमान सर्वांचाच झाला होता. पण सर्वांनीं ओलीस धरिले नाहींत. इराकचे लाखो शिपाई बेकार झाले; पण बहुतेकांनीं शिरच्छेद करणाऱ्या टोळीची वाट धरिली नाहीं. ज्यांनीं तोच अपमान गिळूनहि हात रक्तानें भरूं दिला नाहीं, त्यांची थोरवी मान्य करावयाची तर ज्यांनीं भरूं दिला त्यांची जबाबदारीहि मान्य केली पाहिजे.

मग बलाढ्यानें करावें काय? आपली वही आपण होऊन उघडावी, हें पहिलें. २००० सालीं अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री मॅडेलिन ऑलब्राइट यांनीं १९५३ च्या कटांत आपल्या देशाचा हात होता हें उघडपणें सांगितलें. अध्यक्ष ओबामा यांनींहि २००९ सालीं तें मान्य केलें. सत्तेचाळीस वर्षें ही गोष्ट तोंडांतून निघाली नव्हती. तीच पंचवीस वर्षें आधीं निघती तर बाझरगान यांसारख्यांच्या हातीं कांहीं तरी पुरावा राहिला असता. दुसरें, दिलेला शब्द पाळावा. २०१५ सालीं अणुशक्तीविषयीं इराणशीं करार झाला, आणि २०१८ सालीं अमेरिकेनें तो एकतर्फी सोडिला. ज्या इराण्यांनीं "यांच्याशीं करार करतां येतो" असें घरांत सांगितलें होतें, ते पुन्हां खोटे पडले. इराणच्या राज्यकर्त्यांनींहि २०२१ च्या निवडणुकींत अनेक सौम्य उमेदवारांस उभें राहूं दिलें नाहीं. हें पाप त्यांचें आहे, तें अमेरिकेच्या वहींत घालतां येणार नाहीं. २०२५ च्या जून महिन्यांत अमेरिकन विमानांनीं इराणच्या अणुकेंद्रांवर बाँब टाकले, तेव्हां तब्रीझच्या मास्तराची आठवण किती जणांस झाली असेल?

आमच्या बहुतेक वाचकांच्या हातीं सैन्यें नाहींत, तेलाच्या विहिरी नाहींत. पण न्याय करणारी जीभ आहे. दूरदेशीं माणसें मेल्याची बातमी वाचून कोणी "बरें झालें, असेंच पाहिजे होतें" असें म्हणेल, तेव्हां त्यास मेलेल्यांचीं वयें विचारावीं. कोणी "ते लोकच तसे" असें म्हणेल, तेव्हां त्यास बास्करव्हिलची गोष्ट सांगावी. आणि आपण स्वतः कोणापेक्षां थोडे बलवान् असूं, मग तो शेजारी असो, भावकी असो कीं आपला गडी असो, तर इतकें ध्यानांत धरावें कीं, त्याच्या घरांतहि आज रात्रीं आपल्याविषयीं बोलणें चालेल. आपल्यावर विश्वास ठेवावा असें म्हणणारा कोणी तरी त्या घरांत असेल. उद्यां सकाळीं आपण जें करूं त्यानें तो खरा ठरेल कीं खोटा, एवढें तरी आपल्या हातीं आहे.